न वाचलेला खुलासा

सप्टेंबर २००४ मधली गोष्ट. २००१ च्या जनगणनेची धर्मवार आकडेवारी जाहीर झाली आणि मथळे झळकले : मुस्लिम लोकसंख्यावाढीचा दर ३६ टक्क्यांवर! मी तेव्हा शाळेत गणित शिकवत होतो. शिक्षकांच्या खोलीत ती बातमी मीच मोठ्याने वाचली. समोरचे मुस्लिम सहकारी काही न बोलता डबा बंद करून उठले.

लगोलग जनगणना खात्याचा खुलासा आला. १९९१ साली जम्मू-काश्मीरमध्ये जनगणना झालीच नव्हती. २००१ मध्ये झाली. तिथले सुमारे ६८ लाख मुसलमान आधीच्या बेरजेत नव्हते, नंतरच्या बेरजेत आले. जणू ते सगळे त्या दहा वर्षांतच वाढले! १९८१ मध्ये आसामचीही गणना झाली नव्हती. ही दोन्ही राज्ये वगळून हिशेब केला, तेव्हा दर सुमारे ३३ टक्क्यांवरून २९ वर उतरलेला दिसला. हिंदूंपेक्षा जास्त, पण घसरता. २००१ ते २०११ या दशकात तो २४.६ टक्क्यांवर आला.

तुलना करायची तर दोन्ही वेळा मोजणी सारखीच हवी, हे मी मुलांना दरवर्षी सांगत असे. त्या दिवशी मात्र मलाच त्याचा विसर पडला. आकड्याची चूक खात्याने सुधारली. माझी कोणी सुधारायची? खुलासा मी खोलीत वाचून दाखवला नव्हता. तो आज, एवढ्या वर्षांनी, तुमच्यासमोर वाचला. ते सहकारीही कुठे ऐकत असतील, तर बरे होईल.