आम्हांला कोणतं स्वातंत्र्य हवं?
(विहाराच्या वर्धापनदिनी तरुण मुलामुलींच्या वतीने केलेले भाषण)



आज तुम्ही तरुणांना बोलायला उभं केलंत, त्याबद्दल आभार. यंदाच्या वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन संपले की आम्ही पंधरा-वीस मुलंमुली इथंच बसून राहत असू. स्वातंत्र्य म्हणजे तुला काय वाटतं, हा एकच प्रश्न आम्ही एकमेकांना विचारला. मोठे शब्द कोणी वापरले नाहीत. एकजण म्हणाला, "भाड्यानं खोली बघायला गेलं की मालक आधी आडनाव विचारतो, मग खाणं विचारतो आणि मग खोली कालच गेली म्हणतो. आडनाव सांगताना आवंढा गिळावा लागू नये, एवढं मला पुरे." दुसरा ठेकेदाराकडे कामाला आहे. पुढच्या महिन्यात काम असेल की नाही, हे त्याला ठाऊक नसते. पोट दुसऱ्याच्या मुठीत असताना मी मोकळा कसा, असे त्याने विचारले. शिष्यवृत्ती उशिरा येते, फी मात्र आधी मागतात, हेही निघालंच.

हे सारे ऐकताना बाबासाहेबांचे घटना समितीतले २५ नोव्हेंबर १९४९ चे भाषण आठवल्याशिवाय राहत नाही. २६ जानेवारी १९५० पासून आपण एका विसंगत जीवनात पाऊल ठेवणार आहोत, असा इशारा त्यांनी दिला होता. राजकारणात एक माणूस एक मत, आणि समाजात, पैशाअडक्यात मात्र विषमता! १९८९ साली मताचे वय २१ वरून १८ वर आले. मत आम्हांला लवकर मिळाले, चांगलेच झाले. खोली अजून मिळत नाही.

समतेशिवाय स्वातंत्र्य म्हणजे मूठभरांची बहुसंख्यांवर हुकमत, हेही त्यांनी त्याच भाषणात समजावले. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवर बोलताना त्यांनी स्पष्ट केले की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून उसनी घेतलेली नाहीत, आपले गुरू भगवान बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतली आहेत. मग हा विषय विहारात बोलायचा नाही तर कुठं? काही वडीलधारे म्हणतात, विहारात वंदना करा, बाकीचं बाहेर. वंदना आम्ही करतोच की.

आता थोडं अवघड बोलतो, रागावू नका. त्या बैठकीत एक मुलगी म्हणाली, "बाहेर मला जात नडते आणि घरात मुलगी असणं नडतं." भाऊ रात्री अकराला आला तरी त्याचं ताट झाकून ठेवलेलं असतं. तिला मात्र दिवेलागणीच्या आत घरी यायचं. बारावीचा निकाल लागायच्या आत स्थळं सुरू होतात. बरं, स्थळ बघतानाही आपल्यातली काही घरं हळूच जुनी पोटजात विचारतात. १९५६ ला दीक्षाभूमीवर बाविस प्रतिज्ञा घेतल्या, त्यात सर्व माणसे समान मानण्याची प्रतिज्ञाही आहे. सोयरीक जुळवताना तिला सुट्टी कशी काय मिळते?

जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले होते की लग्नाची घाई करू नका आणि नवऱ्याची दासी नव्हे, मैत्रीण म्हणून बरोबरीने उभ्या राहा. समाजाची प्रगती ते स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजत. त्या मापाने आपला विहार मोजला तर? पौर्णिमेची खीर आयाबाया शिजवतात, जयंतीच्या मिरवणुकीत पांढऱ्या साड्या पुढे असतात, पण कार्यकारिणीची बैठक भरली की दारात चपला सगळ्या पुरुषांच्या. हे चित्र घरमालकाने बदलायचे नाही, सरकारनेही नाही. ते या सभागृहातल्या माणसांच्या हातात आहे.

तेव्हा आमच्या दोन मागण्या. येत्या कार्यकारिणीत निम्म्या जागा स्त्रियांना द्याव्यात आणि त्यांतल्या दोन तरी तरुण मुलींना. दुसरी, विहाराचे सभागृह रोज रात्री दहापर्यंत अभ्यासासाठी उघडे ठेवावे. दहा बाय दहाच्या घरात टीव्ही चालू असतो, पाहुणे असतात. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं उघडायची कुठं? मुलींसाठी एखादी मावशी किंवा आजी सोबतीला बसेल, दोघींनी तशी तयारी दाखवली आहे. दिव्याचे नि पंख्याचे बिल आम्ही वर्गणी काढून भरू. किल्ली कोणाकडे ठेवायची, तेवढं आजच्या आज ठरवा.

जयभीम! नमो बुद्धाय!