घर बंद करून जाताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला सांगण्यात आले की, सुटीचे दिवस जवळ आले आहेत, तेव्हा घरोपयोगी असे काहीतरी बोला. कुणी माहेरी जाईल, कुणी कोकणात, कुणी मुलाकडे पुण्या-मुंबईला. प्रवासाच्या फराळावर आणि सामानावर आपण पुष्कळ बोलतो. पण मागे राहिलेल्या घराची ऊब आणि गारवा कोण सांभाळणार, ह्याचा विचार दाराला कुलूप लावतानाच्या घाईत राहून जातो. म्हणून आज तोच विषय घेतला आहे.

आपले नाशिक थंड हवेचे म्हणून पूर्वीपासून नावाजलेले. देवळालीला मुंबईची माणसे हवापालटासाठी येत. थंडीत शेजारच्या निफाडला पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो. पण एप्रिल-मे महिन्यांत हेच नाशिक चाळीस अंशांच्या वर जाते. म्हणजे आपल्या घरात गिझरही हवा आणि कूलरही हवा. जुन्या वाड्यांत हा प्रश्न सोपा होता. जाड भिंती, मधला चौक, वर माळवद. गावाला जाताना बंबातला विस्तव विझवायचा, माठ पालथा घालायचा की झाले! आता विस्तव दिसत नाही, तो तारेत असतो. म्हणून आपण तो विझवायचा विसरतो.

आधी गिझर. टाकीच्या गिझरचे बटण चालू राहिले, तर आतले पाणी निवते तसतसे तो पुनःपुन्हा तापवीत बसतो. घरात आंघोळ करणारे कोणी नाही, तरी मीटर फिरतेच. शिवाय तापमान आवरणारा भाग बिघडला, तर बंद घरात बघायला कोणी नसते. म्हणून गिझर भिंतीवरच्या बटणापासून बंद करावा. गॅसचा असेल, तर सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा, स्वयंपाकघरातलाही तसाच.

गच्चीवर सूर्यचूल नव्हे, पण सौर बंब पुष्कळांकडे आहेत. उन्हाळ्यात पाणी कोणी वापरले नाही, तर ते उकळी येईपर्यंत तापते. काचेच्या नळ्यांवर जुनी चादर किंवा ताडपत्री बांधून ठेवावी. टाकी रिकामी करू नये. परत आल्यावर नळ्या कोरड्या पडलेल्या आढळल्या, तर भर दुपारी थंड पाणी सोडू नये. तापलेली काच तडकते. पहाटे सोडावे.

आता फ्रीज. चार-पाच दिवसांचा प्रवास असेल, तर तो चालू ठेवावा. पण दूध, कापलेली फळे, शिजवलेले अन्न ठेवू नये. एक युक्ती सांगते. वाटीभर पाण्याचा बर्फ करावा आणि त्यावर एक नाणे ठेवून वाटी बर्फाच्या कप्प्यात ठेवावी. परत आल्यावर नाणे वरच असेल, तर ठीक. ते तळाशी गेले असेल, तर मध्ये वीज बराच वेळ जाऊन बर्फ वितळला होता आणि पुन्हा गोठला, असे समजावे व आतले नासके पदार्थ टाकून द्यावे. पंधरा दिवसांहून अधिक जायचे असेल, तर फ्रीज रिकामा करावा, पुसून कोरडा करावा, बंद करावा आणि दार किंचित उघडे राहील असे फडके अडकवावे. बंद दाराआड बुरशी धरते.

ज्यांचा फ्रीज चालू राहणार आहे, त्यांनी मेन स्विच पाडू नये. बाकीची बटणे एकेक बंद करावी. सगळेच बंद करणाऱ्यांनी इन्व्हर्टरही आठवणीने बंद करावा. नाहीतर मेन बंद आणि एखादा दिवा बॅटरीवर चालू, असे होऊन बॅटरी पार उतरते व पडून पडून खराब होते. जाण्यापूर्वी तिच्यात शुद्ध पाणी बघून घालावे आणि ती पुरी भरून घ्यावी. मीटरचा आकडा कागदावर टिपून न्यावा. घर बंद असल्यामुळे वाचन झाले नाही, तर सरासरीचे बिल येते. तेव्हा तो आकडा उपयोगी पडतो.

वातानुकूलन यंत्र असेल, तर ते नुसते रिमोटने बंद करून भागत नाही; भिंतीवरचे बटण पाडावे. परत आल्यावर घर भट्टीसारखे तापलेले असते. तेव्हा काही जणी एकदम अठरा अंश लावतात. त्याने खोली लवकर गार होते असे नाही. यंत्र मात्र जास्त वेळ राबते. प्रथम खिडक्या उघडाव्या, पंख्याने कोंडलेली हवा बाहेर घालवावी, मग चोवीस किंवा सव्वीस अंश लावावे. तारांकित यंत्रे २०२० सालापासून चोवीस अंशांवरच सुरू होतील अशी व्हावीत, असा सरकारी नियम झाला. एक अंश वर ठेवला, तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो.

कूलरविषयी मात्र कान देऊन ऐका. त्यात राहिलेले वितभर पाणी डेंग्यूच्या डासाला पुरते. हा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. आपण पंधरा दिवसांनी येतो, तेव्हा सारे गल्लीभर पसरलेले असते. पाणी नुसते ओतून भागत नाही, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणून टाकी घासून पुसावी आणि कूलरचे गवत उन्हात वाळवावे. कुंड्यांखालच्या बशा, गच्चीवरचे डबे, फ्रीजच्या मागची ताटलीही विसरू नये. १६ मे हा राष्ट्रीय डेंग्यू दिवस ऐन सुटीतच येतो. आपले कुलूप लागते, पण त्याचा ताप शेजारणीच्या मुलाला येतो, हे ध्यानात ठेवावे.

येथवर वस्तूंचे झाले. आता जे सांगायचे, त्यासाठीच मी आज उभी राहिले आहे. घर बंद होते तेव्हा पुष्कळदा त्यात माणूस असतो. "आई, तुम्हांला प्रवास झेपायचा नाही, तुम्ही घरीच थांबा," असे म्हणून आपण निघतो. डबा लावून देतो, फोन देऊन जातो. आणि वृद्ध माणूस वरच्या मजल्यावर, दिवसभर तापलेल्या स्लॅबखाली एकटे राहते. हा स्लॅब दिवसाचे ऊन शोषून घेतो आणि रात्री तेच खोलीत सोडतो.

२००३ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्स देशात उन्हाची मोठी लाट आली. तिकडे ऑगस्ट हा सुटीचा महिना. त्या लाटेत सुमारे पंधरा हजार माणसे दगावली. त्यांत म्हातारी माणसे फार, आणि एकटी राहणारी पुष्कळ. तो देश श्रीमंत, इस्पितळे चांगली. पण दार ठोठावणारे कोणी नव्हते. त्यानंतर तेथे कायदा झाला आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांची नोंदवही ठेवण्याचे काम नगरपालिकांकडे आले. आपल्याकडे अहमदाबादने २०१० च्या कडक उन्हाळ्यानंतर २०१३ साली उष्णतेपासून बचावाचा आराखडा केला.

वही ठेवायला आपल्याला कायदा कशाला हवा? आपल्या मंडळाने एक वही घालावी. जी बहीण घरी वृद्ध माणूस ठेवून गावाला जाणार, तिने नाव, फोन आणि औषधे त्यात लिहावी आणि किल्ली एका शेजारणीकडे द्यावी. त्या शेजारणीने सकाळी एकदा आणि दुपारी एकदा डोकवावे. पाणी प्यायले का, जेवले का, खिडकी रात्री उघडली का, एवढे बघावे. जमल्यास गच्चीला चुन्याचा पांढरा हात द्यावा, पश्चिमेच्या खिडकीला वाळ्याचा पडदा लावावा, झोपायला खालची खोली द्यावी. हवा चाळीस अंशांवर गेली की नुसता पंखा गरम वारा फेकतो. म्हणून अंग ओल्या फडक्याने पुसून मग पंखा घ्यावा. माणूस असंबद्ध बोलू लागले, अंग तापून लाल झाले, तर सावलीत निजवून ओल्या फडक्यांनी शेकाच्या उलट, म्हणजे गार करावे आणि १०८ ला फोन करावा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

भगिनींनो, पूर्वी वाड्यात एका बिऱ्हाडाचे कुलूप लागले, तरी बाकीच्या बिऱ्हाडांचे डोळे त्या दारावर असत. वाडे पडले, तसे ते डोळेही मिटले की काय, असे वाटते. ते पुन्हा उघडणे आपल्या हातात आहे. वही मी आजच आणली आहे. सभा संपल्यावर ती ह्या टेबलावर राहील. ज्यांना जायचे आहे त्यांनी नाव लिहावे, आणि ज्या घरी राहणार आहेत त्यांनी तर अवश्य लिहावे.