येवला ते नागपूर : एका निर्णयाची २१ वर्षे



सहनशीलता संपली की माणूस आयुष्य बदलतो, असे आपण सर्रास म्हणतो. कडेलोट झाला, माणूस उठला आणि दुसऱ्या वाटेला लागला, ही गोष्ट ऐकायलाही बरी वाटते. मला ती अपुरी वाटते. कडेलोटाच्या क्षणी हाती येतो तो फक्त नकार. ‘आता पुरे’ एवढेच त्या क्षणी कळते. पुढे काय, याचे उत्तर नंतर शोधावे लागते, आणि तो शोध संपेपर्यंत नकार टिकवून धरावा लागतो. आयुष्य बदलते ते या दुसऱ्या कामामुळे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात धर्मत्यागाची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मधली २१ वर्षे हाच माझ्या म्हणण्याचा पुरावा आहे.

येवल्याची घोषणा रागाच्या भरात झाली असे ज्यांना वाटते, त्यांनी आधीची आठ वर्षे पाहावीत. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ सालीच मंजूर झाला होता आणि महाडच्या नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचे जाहीरही केले होते. त्या कागदावरच्या हक्काप्रमाणे २० मार्च १९२७ रोजी लोक तळ्यावर गेले, पाणी प्याले. त्यावर त्यांना मार खावा लागला, शेण-गोमूत्राने तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले आणि नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. तळ्याच्या हक्काचा खटला उच्च न्यायालयात निकाली निघाला तो १९३७ साली, येवल्यानंतर. नाशिकला २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. पाच वर्षांनंतरही दार बंदच होते. ठराव, सभा, सत्याग्रह, न्यायालय असे सनदशीर मार्ग चोखाळून पाहिल्यावर येवल्याचा दिवस उजाडला. त्या दिवशी संताप होताच, पण त्या संतापाच्या पाठीशी अनुभवाचा पक्का हिशेब होता.

येवल्यात नाशिकचा सत्याग्रह थांबवण्याचे ठरले. बंद दारापुढे आणखी शक्ती खर्चायची नाही, एवढे पक्के झाले. कोणत्या धर्मात जायचे, हे मात्र मोकळे राहिले. १९३६ साली बाबासाहेब अमृतसरला शिखांच्या परिषदेला गेले, आणि त्याच वर्षी मुंबईच्या महार परिषदेत त्यांनी धर्मांतराची कारणमीमांसा आपल्या माणसांपुढे सविस्तर मांडली. पुढे १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे राहिले. श्रीलंका आणि ब्रह्मदेश येथे जाऊन त्यांनी बौद्ध जीवन जवळून पाहिले. बुद्धाच्या शिकवणीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. या साऱ्या तयारीचे फळ नागपुरात दीक्षेच्या वेळी घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दिसते. जुन्या देवांची उपासना करणार नाही, ही त्यांतली एक बाजू. श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही, चोरी करणार नाही, खोटे बोलणार नाही, दारू पिणार नाही, या प्रतिज्ञा थेट घरात शिरतात. बाप गेल्यावर तेराव्याला काय करायचे, संध्याकाळी हाती आलेल्या मजुरीचे काय करायचे, इथपर्यंत निर्णय पोचला. येवल्याच्या नकाराला नागपुरात दिनक्रम मिळाला.

यावर एक आक्षेप असा की, ही २१ वर्षे म्हणजे राजकीय दबावासाठी लांबवलेला काळ होता. पण दबावाचाच डाव असता तर सत्तेची वाटणी चालू होती तेव्हा, म्हणजे १९४७ पूर्वी, तो खेळला गेला असता. १९५६ साली या पावलाने पदरी नुकसान येणार होते. अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती तेव्हाच्या नियमांनुसार बौद्धांना लागू नव्हत्या. त्यांचा समावेश झाला १९९० साली. तरीही लाखो लोक नागपुरात आले. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : जिला घरात रोज मार बसतो, तिने तयारी होईपर्यंत वाट पाहायची का? मुळीच नाही. तिने आजच बाहेर पडावे, आणि तिला आसरा देणे हे समाजाचे कर्तव्य आहे. येवल्यानेही थांबवायचे ते तिथेच थांबवले. बाहेर पडणे आणि नवे जगणे उभारणे ही दोन कामे आहेत. पहिले तातडीचे, दुसरे चिकाटीचे. तिसरा आक्षेप, एवढा विचारच करायचा तर कडेलोट हवाच कशाला? तो हवा, कारण तडजोडीची सवय केवळ विचाराने सुटत नाही. अपमान गिळत जगणाऱ्याला उद्या सुधारेल ही आशाच बांधून ठेवते. ती आशा तुटणे आवश्यक असते.

म्हणून कडेलोटापाशी आलेल्या माणसाला ‘घे निर्णय आणि हो मोकळा’ एवढाच सल्ला देणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. त्याने काय काय करून पाहिले, हे आपण ऐकून घ्यावे; त्याचा नकार खरा असेल तर त्याला हट्टी म्हणू नये; आणि नव्या वाटेवर वेळ लागला तर त्याला डळमळीत ठरवू नये. ज्ञान, संस्था, सोबतीची माणसे आणि रोज पाळता येतील असे नियम जमवायला वर्षे लागतात. ती वर्षे निर्णयाचाच भाग आहेत, आणि निर्णयाची किंमत त्या वर्षांवरूनच ठरवली पाहिजे.