झेंडूच्या गोण्या आणि रोजची पुडी

आम्ही पुरंदर तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बायका. चार वर्षं झाली, सासवडला फुलांची टपरी चालवतोय. धंदा कसा चालतो ते सांगा, म्हणून रेडिओवर बोलावलंय. पण आधी तो बसला कसा ते सांगतो, कारण शिकलो तिथंच.

पहिलाच दसरा होता. झेंडू महागणार असं जो तो म्हणत होता. आपल्याच शिवारात माल आहे, तर पुण्याला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात कशाला जायचं? गटातून कर्ज उचललं आणि बांधावरूनच सत्तर रुपये किलोनं १२० किलो झेंडू घेतला. रात्री पाऊस झालेला, फुलं ओलीच तोडलेली. आम्ही ती तशीच गोण्यांत दाबून भरली. दुसऱ्या दिवशी पहाटे गोणीत हात घातला तर आत वाफ! मधली फुलं काळी पडलेली. त्यात सगळ्यांनीच माल दसऱ्यासाठी राखून ठेवलेला, त्यामुळे रस्त्याच्या दोन्ही अंगाला ढीग. सकाळी शंभरनं ४० किलो गेला, दुपारनंतर तीसनं ३० किलो. उरलेला ५० किलो उकिरड्यावर. टेम्पोचे ८०० धरून ४,३०० रुपये तोटा.

खरा त्रास त्यानंतरच्या बैठकीत झाला. टपरीवर बसणाऱ्या दोघींनीच तोटा भरावा, असं काहींचं म्हणणं. पण खरेदीच्या ठरावावर सह्या दहाजणींच्या होत्या. नफा झाला असता तर दहाजणींनी वाटून घेतलाच असता ना? शेवटी प्रत्येकी ४३० रुपये भरायचं ठरलं. एक ताई पैसे भरून उठल्या आणि गट सोडून गेल्या. आमचा निर्णय बरोबर होता असं आजही वाटतं, पण त्या गेल्याचं वाईट वाटायचं ते वाटतंच.

मग विचार केला, की सणाचं गिऱ्हाईक वर्षातून चार दिवसांचं, देवपूजा मात्र रोजची. पुण्या-मुंबईत घरोघरी फुलपुडीचा रतीब असतो. सासवडही आता वाढलंय, सोसायट्या झाल्यात, फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना अंगणच नाही. पाच घरांपासून सुरुवात केली, आज चाळीस घरं आहेत. दहा रुपये पुडी, महिन्याचे तीनशे. सोमवारी बेल, मंगळवारी जास्वंद आणि दुर्वा, गुरुवारी पिवळी शेवंती, शनिवारी मारुतीसाठी रुईची पानं. वार चुकला की गिऱ्हाईक लगेच बोलतं! शेवंती आणि गुलाब बाजारातून आणतो. जास्वंद, तगर, कण्हेर आमच्याच गावातल्या परसातून येते, आणि ज्यांच्या दारचं झाड त्यांना पैसे देतो. जास्वंदीच्या कळ्या संध्याकाळीच तोडून ओल्या फडक्यात ठेवायच्या, सकाळी बरोबर उमलतात. ही युक्ती आमच्यातल्या सत्तरीच्या मावशींची.

महिन्याला १२,००० येतात. त्यातून बाजारची फुलं, एसटीभाडं, कागद-दोरा यांना साधारण ५,५०० आणि परसातल्या फुलांना १,५०० जातात. उरलेले ५,००० पुड्या बांधणाऱ्या आणि पोचवणाऱ्या बायकांचे. रक्कम मोठी नाही, पण ठरलेली आहे. पितृपक्षात हार कमी खपतात, पुडी मात्र चालूच राहते.

प्लॅस्टिकच्या फुलांचं काय, असं सगळ्या विचारतात. मांडवाच्या सजावटीत ती आलीत हे खरं. डेकोरेशनवाले तीच फुलं पुन्हा पुन्हा वापरतात, तिथं आम्ही भावात टिकत नाही आणि तिथं जातही नाही. पण देवाला वाहायला, वेणीत माळायला, नवरा-नवरीच्या हाराला अजून तरी बायका खरंच फूल मागतात. एका ताईंची कॉलेजला जाणारी लेक आमच्या हारांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला टाकते. लग्नाच्या ऑर्डरी आता अशाच येतात. निम्मे पैसे आधी, हा नियम. तो नव्हता तेव्हा एका लग्नाचे २,६०० रुपये बुडाले. हार घेतले, वरात निघाली, नंतर कुणी फोनच उचलेना. ओळखीचं घर होतं म्हणून जास्त लागलं.

आता दसरा पुन्हा आलाय. गोण्या बंद, जाळीचे क्रेट आणलेत. फुलं भिजलेली असली तर समाजमंदिराच्या फरशीवर चादरी अंथरून पंख्याखाली पसरतो. आधी वहीत नोंदणी, मग खरेदी. आजपर्यंत ६५ किलोची नोंद झालीय. ७५ किलोच्या वर घ्यायचं नाही, असा यंदाचा ठराव, सह्या सगळ्यांच्या. बाजार चढला तर थोडा नफा हातचा जाईल, जाऊ दे.

आणि गट सोडून गेलेल्या त्या ताईंनी परवा दोन तोरणं नोंदवली. आगाऊ पैसे काही दिले नाहीत. आम्हीही मागितले नाहीत.