देव्हाऱ्यातील शिवराई
(संघाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



गिरगावापासून परळ, लालबाग, दादरपर्यंत पसरलेल्या आपल्या कुटुंबांत, जिच्या देव्हाऱ्यात किंवा आजीच्या डब्यात एखादे झिजलेले तांब्याचे नाणे नाही, अशी घरे थोडीच असतील. कलशात घालावयाचा पैसा म्हणून ते जपले गेले. आता चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. सामान आवरताना जुनी भांडी मोडीत निघतात आणि त्यांबरोबर ही नाणीही वजनावर जातात. म्हणून त्यांविषयी चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

यांतील पुष्कळ नाणी शिवराई असतात. एका बाजूस तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसरीस दोन ओळींत ‘छत्र पति’, भोवती ठिपक्यांचे कडे. 1674 साली रायगडावर राज्याभिषेक झाला. ते नवे पद देवनागरी अक्षरांत रयतेच्या हाती या नाण्याने पोचविले. मात्र आपल्या घरची शिवराई खुद्द महाराजांच्याच अमदानीतील, असे छातीठोकपणे सांगण्याची जी रीत पडली आहे, तिला आमची संमती नाही. तोच मजकूर पुढील छत्रपतींच्या व पेशव्यांच्या काळीही चालू राहिला. ओळींमध्ये दोन आडव्या रेषा असलेली दुदांडी शिवराई ही उत्तरकालीन होय.

बहुतेक नाण्यांवर साल नाही, टांकसाळीचे नाव नाही. मग त्यांची वर्गवारी करावी कशी? उत्तर ठशांत आहे. खालचा ठसा ऐरणीत बसविलेला, वरचा हातात धरलेला. मध्ये तांब्याची चकती ठेवून वरून घण घालीत. ठसे हाताने कोरलेले, त्यामुळे कोठे ‘शिव’, कोठे ‘शीव’, कोठे ‘सिव’; कोठे ‘पति’, कोठे ‘पती’. घणाचा मार सोसणारा वरचा ठसा लवकर झिजे, तडकेही. मग जुन्या खालच्या ठशाशी नव्या वरच्या ठशाची जोडी जमे. त्या तडकेची रेघ नाण्यावर उमटते. ती जसजशी लांबत जाते, तसतसा कोणते नाणे आधी पडले व कोणते मागाहून, हा क्रम लागतो. चकती ठशाहून लहान असल्याने एका नाण्यावर पुरा मजकूर क्वचितच मावतो. एकाच ठशाची पाचसहा नाणी शेजारी मांडली, म्हणजे तो पुरा वाचता येतो. एकट्या नाण्यापेक्षा ढिगाची योग्यता अधिक, ती याकरिता.

अमेरिकेत 1793 पासून निघालेल्या तांब्याच्या सेंटचे ठसेही हातकामाचेच होते. विल्यम शेल्डन यांनी 1949 साली त्या ठशांचे भेद क्रमांक देऊन ग्रंथात नोंदले, आणि तेथील संग्राहक आजही ते क्रमांक वापरतात. त्यांच्या सेंटवर निदान साल असते! आपल्याकडे माहेश्वरी व विगिन्स यांचा मराठा टांकसाळींवरील ग्रंथ 1989 साली प्रसिद्ध झाला. परंतु घरोघरी पडलेली नाणी पाहिल्यावाचून ठशांची यादी पुरी व्हावयाची नाही.

तेव्हा आमची विनंती भगिनीवर्गास विशेष आहे. हे नाणे चिंचेने घासू नये. घासल्याने तांबे चकाकते, पण वरचा काळपट थर व अक्षरांची धार जाते, आणि तडकेची बारीक रेघ तर प्रथम जाते. प्लॅस्टिकच्या पिशवीपेक्षा कागदाचे पाकीट बरे. त्यावर नाणे कोणत्या गावाहून, कोणाकडून आले ते लिहावे. तिरप्या उजेडात दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. वाटणीच्या वेळी भावाभावांत एकेक नाणे वाटून घेण्याआधी एवढे तरी व्हावे. शंभर वर्षांपूर्वीचे नाणे 1972 च्या कायद्यान्वये पुरावस्तू ठरते. परदेशी असलेल्या लेकास ते भेट म्हणून धाडता येत नाही. गावी घराचा पाया खणताना नाण्यांचा हंडा लागला, तर दहा रुपयांहून अधिक मोलाचा असा ठेवा 1878 च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरांस कळवावा लागतो. तो हंडा तसाच, एकही नाणे न काढता, त्यांच्या स्वाधीन करावा.