लेकरू सहावीत गेलंय : पालकांशी थोडं बोलणं

(सहावीच्या पहिल्या पालक सभेत, जून २०२४ मध्ये केलेलं हे बोलणं. बऱ्याच पालकांना कामामुळे येता आलं नाही, म्हणून ते पॉडकास्टवर टाकलं. ऐकण्याऐवजी वाचायचं असेल त्यांच्यासाठी हा मजकूर. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी काढली आहे, बाकी जसंच्या तसं.)

पेरणीचे दिवस आहेत, तरी तुम्ही आलात, बरं वाटलं. मागं उभे आहेत त्यांनी पुढं येऊन बसा, बाकं रिकामी आहेत.

मी सहावी ते आठवीला गणित आणि विज्ञान शिकवते. बीड जिल्ह्यातली आपली जिल्हा परिषदेची शाळा, तुम्हाला वेगळं सांगायला नको. आज सहावीचं वर्ष कसं असतं, त्यात लेकराकडून काय अपेक्षा असते आणि तुमच्याकडून काय, एवढंच बोलणार आहे.

पाचवीपर्यंत तुमच्या लेकराला बहुतेक विषय एकच गुरुजी किंवा बाई शिकवत होत्या. सहावीपासून उच्च प्राथमिक वर्ग सुरू होतात. आता विषय शिक्षक येतात : एक भाषेसाठी, एक गणित-विज्ञानासाठी, एक सामाजिक शास्त्रासाठी. तास झाला की शिक्षक बदलतो. मुलांना हे पहिले काही आठवडे जड जातं. कुणाची वही कधी तपासायला द्यायची, कुणी काय सांगितलं होतं, याचा गोंधळ होतो. तुम्ही रोज फक्त एकच विचारा, 'आज कोणकोणते तास झाले?' लेकरू ओळीनं सांगायला लागलं की समजा, ते रुळलं.

पुस्तकंही बदलतात. पाचवीला 'परिसर अभ्यास' होता. आता त्याच्या जागी सामान्य विज्ञान, इतिहास व नागरिकशास्त्र आणि भूगोल असे वेगळे विषय आहेत. इतिहासात प्राचीन भारत आहे, हडप्पा संस्कृतीपासून पुढं. भूगोलात अक्षवृत्तं, रेखावृत्तं. नागरिकशास्त्रात ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद. यातलं नागरिकशास्त्र तर तुम्ही आमच्यापेक्षा चांगलं शिकवू शकता. १५ ऑगस्टला ग्रामसभा असते, त्या दिवशी लेकराला सोबत न्या, मागं बसवा. पाण्याच्या टाकीवरून कोण काय बोलतं ते ऐकू द्या. ग्रामसभेचा धडा त्याला पाठ करावा लागणार नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येते. सहावीत कुणी नापास होत नाही. हे तुम्हाला माहीत आहे आणि मुलांनाही पक्कं माहीत आहे. त्यामुळं या वर्षाकडं कुणाचं लक्ष नसतं.

जरा मागं-पुढं बघा. पाचवीला शिष्यवृत्ती परीक्षा होती, नवोदयचा फॉर्म होता. शिवाय शिक्षण हक्क कायद्यात केंद्रानं २०१९ साली बदल केला, त्यावर आपल्या राज्यानं २०२३ साली पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा ठेवायचं ठरवलं. नापास झालं तर फेरपरीक्षा, तिथंही नापास झालं तर त्याच वर्गात. तुमची लेकरं पाचवीच्या त्या परीक्षेची पहिलीच तुकडी. उन्हाळ्यात तुमच्या घरी काय धाकधूक होती ती मी पाहिली आहे. आता पुढची अशी परीक्षा आठवीला, म्हणजे २०२७ च्या उन्हाळ्यात. मधली दोन वर्षं मोकळी. ज्या लेकराला वाचताना अडखळायला होतं, ते या दोन वर्षांत वर्गात शेवटच्या बाकावर गप्प बसून राहतं आणि वर सरकत जातं. ते त्रास देत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. आठवीला एकदम लक्षात येतं, आणि तेव्हा हातात सहा महिनेही नसतात.

म्हणून प्रगतिपत्रक वाचायला शिका. सहावीला प्रत्येक विषयाचे निम्मे गुण आकारिक मूल्यमापनाचे आणि निम्मे संकलित मूल्यमापनाचे असतात. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. आकारिक म्हणजे वर्षभराचं काम : रोजचं निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय. सातवीला गेल्यावर हे प्रमाण बदलतं. तिथं परीक्षेचे ६० आणि वर्षभराच्या कामाचे ४०. म्हणजे रोजच्या कामाला परीक्षेएवढं वजन असलेलं हे शेवटचं वर्ष आहे.

मग गुणांची श्रेणी होते. ९१ च्या वर अ-१, ८१ ते ९० अ-२, मग ब-१, ब-२, क-१, क-२, आणि ३३ ते ४० ला ड. कार्ड घ्यायला आलात की 'माझ्या पोराला किती पडले' एवढंच विचारून जाऊ नका. विचारा, 'बाई, याला वाचता येतंय का? भागाकार येतोय का? तोंडी विचारलं तर बोलतो का?' आम्हाला उत्तर द्यावंच लागेल.

गेल्या वर्षी एका आईनं मला विचारलं होतं, 'मॅडम, मी स्वतः चौथी शिकलेली. सहावीचा अभ्यास मी काय घेणार?' प्रश्न बरोबर आहे, आणि इथं बसलेल्या निम्म्या जणांच्या मनात तोच असेल. तर ऐका. घरी तीन गोष्टी तपासा, त्यासाठी शिकलेलं असायची गरज नाही.

पहिली, वाचन. मराठीच्या पुस्तकातलं अर्धं पान मोठ्यानं वाचायला सांगा. तुम्ही चूल पेटवताना, भाजी निवडताना ऐका. वाचून झालं की म्हणा, 'आता तुझ्या शब्दांत सांग, काय होतं त्यात?' सांगता आलं तर उत्तम. नुसतं वाचलं आणि सांगता आलं नाही, तर दुसऱ्या दिवशी मला येऊन भेटा. विज्ञान असो, भूगोल असो, सहावीची सगळी पुस्तकं वाचून समजायची आहेत. वाचन कच्चं असलं की सगळेच विषय कच्चे राहतात.

दुसरी, भागाकार. कागदावर ८४३ भागिले ७ असं काहीतरी लिहून द्या. उत्तर बरोबर आहे का हे तुम्हाला कळायची गरज नाही. लेकरालाच म्हणा, 'आता उलटं करून दाखव.' भागाकाराला ७ नं गुणायचं आणि उरलेली बाकी मिळवायची, परत ८४३ आले पाहिजेत. १२० सत्ते ८४० आणि बाकी ३, झाले ८४३. नाही आले तर कुठंतरी चुकलं.

तिसरी, अपूर्णांक. याबद्दल मी जरा जास्त बोलणार, कारण सहावीचं गणित इथंच अडतं. लेकराला विचारा, अर्धी भाकरी आणि पाव भाकरी मिळून किती? तोंडी विचारलं की बहुतेक मुलं सांगतात, पाऊण. तेच कागदावर एक छेद दोन अधिक एक छेद चार असं लिहून दिलं, की कितीतरी मुलं वरचे अंक मिळवतात, खालचे अंक मिळवतात आणि लिहितात दोन छेद सहा. दोन छेद सहा म्हणजे एक तृतीयांश, अर्ध्यापेक्षाही कमी! अर्ध्या भाकरीत पाव भाकरी घातली आणि भाकरी कमी झाली? हे त्या मुलाला दिसत नाही, कारण वहीतला अपूर्णांक आणि ताटातली भाकरी यांचा संबंध त्याच्या डोक्यात लागलेलाच नसतो.

तुम्ही एवढंच करा. भाकरी मोडा, कलिंगड कापा, पावशेर-अर्धा किलो तराजूत घाला, आणि 'हे लिहून दाखव' म्हणा. पुस्तकाच्या पहिल्या भागात अपूर्णांक आणि दशांश आहेत. दुसऱ्या भागात गुणोत्तर-प्रमाण, शेकडेवारी, नफा-तोटा आणि सरळव्याज. दुसऱ्या भागातलं हे सगळं अपूर्णांकावर उभं आहे. दिवाळीआधी अपूर्णांक कळला नाही, तर दिवाळीनंतरचं गणित लेकरू नुसतं फळ्यावरून उतरवून घेतं.

दिवाळीचं नाव निघालंच आहे, तर जे सांगायचंय ते सांगून टाकते. इथल्या बऱ्याच घरांतली माणसं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. पोटासाठी जावं लागतं, त्यावर मी काही बोलणार नाही. पण सहावीचं वय म्हणजे अकरा-बारा वर्षं. या वयाची मुलगी भाकरी थापू शकते, कोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळू शकते. म्हणून पाचवीपर्यंत आजीजवळ राहिलेली मुलगी सहावीत सोबत नेली जाते. मार्च-एप्रिलला परत येते तेव्हा दुसरं सत्र जवळजवळ संपलेलं असतं. शेकडेवारी तिनं पाहिलेलीच नसते. पटावर नाव असतं, सातवीत जातेही, पण वर्गात बसायची तिला लाज वाटायला लागते. मग एक दिवस ती येत नाही. शाळा सुटली की लग्नाची बोलणी सुरू होतात. कायद्यानं मुलीचं लग्नाचं वय १८ आहे, हे इथं सगळ्यांना माहीत आहे, तरी सांगते.

यावर सोय आहे. मागं राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह असतं, त्यात गावातच जेवणाखाण्याची व्यवस्था होते. त्यासाठी किती मुलं राहणार याची यादी आम्हाला आधी लागते. तुम्ही गाडीत सामान भरताना सांगितलं तर उपयोग नाही. म्हणून ऑगस्टमध्येच मला किंवा मुख्याध्यापकांना नाव सांगा. आणि अगदीच न्यावं लागलं, तर जाण्याआधी शाळेतून शिक्षण हमी कार्ड घेऊन जा. ते दाखवून कारखान्याजवळच्या शाळेत लेकराला बसवता येतं. वर्षाच्या मधे आलं म्हणून शाळेला त्याला नाकारता येत नाही, तो त्याचा हक्क आहे.

आता तब्येतीचं. सहावीपासून शाळेतल्या जेवणाचं मापही वाढतं. पाचवीपर्यंत एका मुलामागं १०० ग्रॅम तांदूळ धरतात, सहावीपासून १५० ग्रॅम. शासनानंसुद्धा मान्य केलंय की या वयात भूक वाढते. तेव्हा घरीही 'किती खातोय' म्हणून टोकू नका. आणि आठवड्याला लोहाची गोळी मिळते. लहान वर्गांना गुलाबी होती, आता निळी मिळेल. जेवणानंतर घ्यायची. कधी मळमळतं, शी काळी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. गोळी खिशात घालून घरी आणत असेल तर मला सांगा.

मुलींना याच वर्षी किंवा पुढच्या वर्षी पाळी सुरू होऊ शकते. आयांनो, आधी सांगून ठेवा. वर्गात अचानक कळलं की पोरगी घाबरून जाते. आणि वडिलांनो, खाली बघू नका, तुम्हीही ऐका. पाळीत चार दिवस घरी बसवायचं ठरवलं, तर रविवार आणि सुट्ट्या सोडूनही वर्षात महिनाभराची शाळा बुडते. सहावी ते आठवीला कायद्यानं वर्षाला किमान २२० दिवस शाळा भरायला हवी. त्यातला महिना असा घालवू नका. शाळेत पॅड ठेवलेले असतात. मुलीनं मला किंवा कुठल्याही बाईंना नुसतं सांगावं.

गृहपाठाचं थोडक्यात सांगते. सहावी ते आठवीसाठी केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात रोज जास्तीत जास्त एक तास गृहपाठ सांगितला आहे. आम्हीही तेवढाच देऊ. तो फळ्यावर लिहू, व्हॉट्सॲपवर टाकणार नाही, कारण ऐकून-बघून उतरवून घेणं हा अभ्यासाचाच भाग आहे. सहावी-सातवीच्या दप्तराचं वजन दोन ते तीन किलोपर्यंत असावं, असंही त्याच धोरणात आहे. वेळापत्रक बघून दप्तर लेकरालाच भरू द्या. तुम्ही भरून दिलंत, तर ते सातवीतही तुम्हालाच भरावं लागेल. विसरलं एखादं पुस्तक तर विसरू द्या, एक दिवस बोलणी खाईल आणि दुसऱ्या दिवसापासून बघून भरेल.

शेवटचं. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालकच असतात, आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. नाव द्यायला लाजू नका. शिक्षक कमी आहे, नळ बंद आहे, मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, हे आम्ही लिहून पाठवतोच. पण समितीच्या ठरावावर पालकांच्या सह्या असल्या की त्याची दखल लवकर घेतली जाते.

तर या आठवड्यात तीन कामं. अर्धं पान ऐकायचं, भाकरीचा प्रश्न विचारायचा, आणि दिवाळीनंतर लेकरू कुठं राहणार याचं घरात बोलणं सुरू करायचं. मी मधल्या सुट्टीत शाळेतच असते. फोनपेक्षा प्रत्यक्ष आलात तर बरं. शिकलेलं नाही म्हणून यायचं टाळू नका, चप्पल चिखलाची आहे म्हणूनही टाळू नका.

कुणाला काही विचारायचं असेल तर आता विचारा. चहा येतोय, तोवर आपण बोलू.