एकाच बाकावर



कार्यकारी मंडळाने शिक्षणाविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, ती आम्ही शिरोधार्य मानतो. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचेच. परंतु सारी हयात फळ्यापुढे गेली, त्या बळावर हे धाडस.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांतील प्रवेशवर्गाच्या २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घरांतील मुलांसाठी राखल्या. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरविली. विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा तेवढ्या वगळल्या. पुढे ९ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने अधिसूचना काढली. ज्या खाजगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा आहे, तिच्यावरील हे बंधन तिने काढून घेतले. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी ती अधिसूचना रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला.

न्यायालयात वाद मिटला. आपल्या दिवाणखान्यांत मिटलेला नाही. या सभागृहात शाळांचे विश्वस्त आहेत, तसेच सोडतीत नाव लागावे म्हणून देव पाण्यात घालून बसलेले पालकही आहेत. विश्वस्त विचारतात, जवळ सरकारची शाळा असता सरकारने आमच्या शाळेत मुले का पाठवावीत? शुल्काची प्रतिपूर्ती वर्षानुवर्षे थकते, ही त्यांची तक्रार रास्त आहे. त्याबद्दल शासनास खडसावून विचारलेच पाहिजे. परंतु थकबाकीचे गाऱ्हाणे निराळे आणि मुलगा नको म्हणणे निराळे.

करवीर संस्थानाचे उदाहरण घ्या. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. १९१९ साली त्यांनी अस्पृश्य मुलांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुले सर्वांच्या शाळांत घेण्याचा हुकूम दिला. त्या मुलांना शाळा नव्हत्या असे नव्हे. होत्या, पण वेगळ्या होत्या. महाराजांना तेच खटकले. कोठारी आयोगानेही १९६६ च्या अहवालात परिसरातील सर्व थरांच्या मुलांची एकच शाळा असावी अशी शिफारस केली. ती अहवालातच राहिली.

अशा मुलांची तुकडी वा वेळ निराळी ठेवू नये, असे केंद्राच्या २०१० च्या नियमांत बजावलेले आहे. आपल्या विश्वस्तांनी एकदा वर्गात जाऊन पाहावे. सहलीची वर्गणी, संमेलनाचा पोशाख यांतही पंक्तिप्रपंच होतो, आणि तो मुलांच्या ध्यानी मोठ्यांआधी येतो.

आणखी एक अडचण. ही सवलत आठवीपर्यंतच. नववीत पूर्ण शुल्काचा कागद घरी येतो आणि आठ वर्षे एका बाकावर बसलेला मुलगा नाव काढून दुसरीकडे जातो. आपला शिष्यवृत्ती निधी आजवर मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी राखलेला आहे. त्यातील काही भाग नववी-दहावीच्या अशा मुलांकडे वळवावा, अशी सूचना आम्ही मांडतो. मुलगा आपल्याच ज्ञातीचा असावा, ही अट यात घालू नये. कार्यकारी मंडळाने पुढील बैठकीत हा विषय घ्यावा, ही विनंती.